साक्ष फक्त जिंकलेल्यांनीच द्यायची का?

मागचा_बाक
'सदा_आनंदी' यांनी इथे लिहिलं आहे: "ज्याच्या तोंडावर आनंद नाही त्याने आधी आपला विश्वास तपासावा. फिलिप्पै 4:4, 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा'. कुरकुर करणारा ख्रिस्ती म्हणजे प्रभूची बदनामी." खाली आमेनची रांग. गप्प बसणार होतो, पण राहवत नाही.

आपल्या चर्चमध्ये साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं, कोण देतो? नोकरी गेली होती पण मिळाली, तो. आजार होता पण बरा झाला, तो. ज्याची गेली आणि अजून मिळालेली नाही, त्याला माईक मिळत नाही. एकदा एकाला चुकून मिळाला. "मी प्रार्थना करतो, पण समोर कोणी आहे असं हल्ली वाटत नाही," एवढंच तो बोलला आणि पाळकसाहेबांनी गाणं सुरू करायची खूण केली. तो पुन्हा मंडळीत दिसला नाही. त्याच्याकडे कोणी गेलंही नाही, आणि त्या 'कोणी'मध्ये मीपण आलो.

बायबलमधलं स्तोत्र 88 काढून बघा. अंधारात संपतं. शेवटी "तरीही मी स्तुती करीन" वगैरे काही नाही. संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत विश्वास तपासायला सांगत नाही. खायला देतो आणि झोपू देतो. आपण असतो तर त्याला उपवास करायला लावला असता.

सदा_आनंदी
भाऊ, वचनं मलाही येतात. माझी आई कर्करोगाने गेली. बोलता येत होतं तोवर गात होती. ते ढोंग होतं का? सांगा ना.

आणि मी जिथे वाढलो ती मंडळी तुम्हाला हवी तशीच होती. दर सभेला गाऱ्हाणी, दर प्रार्थनेत रडारड. आम्ही तरुण पोरं एकेक करून बाहेर पडलो. प्रामाणिकपणाच्या नावाखाली स्वतःच्या दुःखाची पूजा चालते, तीही मूर्तिपूजाच.

मागचा_बाक
तुमच्या आईबद्दल कोण काय बोललं? त्या गायल्या, कारण त्यांना गावंसं वाटलं. ज्याला वाटत नाही त्याला गायला लावू नका, एवढंच माझं म्हणणं.

आणि तुमचं 4:4 ज्यातलं आहे, ते पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र पूर्ण वाचा. माझा सोबती एपफ्रदीत मरता मरता वाचला, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल 2:27 ला लिहितो. 3:18 ला रडत सांगतो. एकच माणूस, एकच पत्र. त्याचाही विश्वास तपासायचा का?

तिसरी_रांग
तुम्ही दोघं पुरुष मंडळी वचनांची कुस्ती खेळताय. मी प्रामाणिक राहून पाहिलंय. बायकांच्या प्रार्थना गटात घरातली गोष्ट सांगितली. पुढच्या रविवारी तीन वेगवेगळ्या लोकांनी माझा हात धरून "ताई, आम्ही प्रार्थना करतोय" म्हटलं. त्यातल्या दोघांना मी ओळखतही नव्हते. चहाडीला आपण 'प्रार्थनेची विनंती' असं गोंडस नाव दिलंय. त्यामुळे 'एकमेकांजवळ पापं कबूल करा' हे याकोब 5:16 मला कृपया कोणी ऐकवू नका. आधी ऐकणाऱ्यांनी तोंड बंद ठेवायला शिकावं, मग पापं कबूल करू.

हिशेबनीस
खोटेपणाचा विषय निघालाच आहे तर दशांशाबद्दल, म्हणजे मंडळीला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाबद्दल, कोणीच का बोलत नाही? पगार बंद होता तेव्हा माझं दशांशाचं पाकीट रिकामं गेलं. कमिटीतल्या एकाने मलाखी 3:10, 'सगळा दशांश भांडारात आणा', पाठवलं. सोबत एक शब्द नाही, नुसतं वचन.

द्राक्षवेल
मलाखी चुकीचा आहे का? देवाचा वाटा देवाला. अडचणीत असताना दिलं, त्याचंच मोल असतं. गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन दमड्या विसरलात?

हिशेबनीस
विसरलो नाही. तिच्या दोन दमड्यांच्या जरा आधी, मार्क 12:40 ला, विधवांची घरं गिळणारे कोण ते प्रभूने सांगितलंय. तेही वाचा. आणि जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाचा 14 वा अध्याय वाचा. तिथे दशांश देणारा तो घरच्यांबरोबर देवासमोर खातो, आणि दर तिसऱ्या वर्षीचा देवाची सेवा करणारे लेवी, परका, अनाथ, विधवा यांच्यासाठी ठेवतो. मंडळीचा लाउडस्पीकर त्या यादीत नाही.

द्राक्षवेल
लाउडस्पीकर नसता तर तुम्हाला मागच्या बाकावर ऐकू आलं असतं का? मंडळी हवेवर चालत नाही. खजिनदारी करून बघा एक वर्ष, मग बोला.

मागचा_बाक
मागचा बाक माझा आहे, त्यांचा नाही. आणि धागा दशांशावर नाही.

हिशेबनीस
कसा नाही? जमीन विकून प्रेषितांकडे पैसे आणणारे हनन्या आणि सप्पीरा कशामुळे मेले? कमी दिलं म्हणून नाही. जमीन तुझीच होती, पैसाही तुझ्याच हातात होता, असं पेत्र स्वच्छ सांगतो. काही भाग देऊन सगळं दिल्याचा आव आणला म्हणून मेले. अर्ध्या मनाने येऊन पूर्ण मनाने आल्याचं दाखवायचं, हाच तर तुमचा विषय!

तिसरी_रांग
हे मात्र बरोबर बोललात. तुमच्याकडून अपेक्षा नव्हती.

सदा_आनंदी
'कुरकुर' हा शब्द मी काढतो. समाधान झालं? पण बाकी पोस्ट राहील. आणि मागचा_बाक, एवढं लांबलचक लिहिलंत, तर तो माईकवाला माणूस अजून त्याच पत्त्यावर राहतो का? मला त्याचा नंबर द्या. आज संध्याकाळी जातो, गाणं म्हणणार नाही.

मागचा_बाक
इथे नको. खासगीत देतो, त्याला विचारून. आणि एकटे जाऊ नका, मी येतो.

द्राक्षवेल
हिशेबनीस, पळू नका. नव्या करारात दशांश रद्द झाल्याचं एक वचन दाखवा.

हिशेबनीस
2 करिंथ 9:7. मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, जुलमाने नाही. आता तुम्ही सांगा, दशांश हातात पडणाऱ्या पगारावर की कपातीआधीच्या?

द्राक्षवेल
कपातीआधीच्या. हा काय प्रश्न झाला?