ऑलिंपिक पात्रतेचा हिशेब फळ्यावर कसा मांडावा?

माणदेशी (प्रश्न)

आमच्या गावच्या वाचनालयाच्या पडवीत एक मोठा काळा फळा आहे आणि त्यावर खेळांच्या बातम्या लिहिण्याचे काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. पॅरिस ऑलिंपिकच्या आधी जवळजवळ दोन वर्षे मी त्याच्या उजव्या बाजूला एक कोष्टक राखून ठेवले होते. पहिल्या रकान्यात खेळ, दुसऱ्यात खेळाडू किंवा संघ आणि तिसऱ्यात ‘पात्र’, ‘अपात्र’ किंवा मोकळी जागा, एवढेच त्याचे स्वरूप होते. शाळा सुटल्यावर मुले तेथे थांबून वाचत आणि काही जण वहीत उतरवूनही घेत, त्यामुळे त्यावर चुकीचे काही जाऊ नये याची मला फार काळजी असे.

तरीही चुका झाल्याच. ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील दहा मीटर एअर रायफलमध्ये जगज्जेता झाला आणि त्याबरोबर ऑलिंपिकचा कोटा, म्हणजे त्या प्रकारातली एक जागाही आली, तेव्हा मी त्याचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून पुढे ‘पात्र’ असा शेरा मारला. दीड वर्षाने ते पुसून त्या ठिकाणी संदीप सिंग हे नाव लिहावे लागले. सातवीतल्या एका मुलाने विचारले, “सर, जिंकला एक आणि जाणार दुसरा, असे कसे?” निवड चाचणी झाली, एवढेच मी सांगू शकलो, त्याचे त्या उत्तराने समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. पुढे मार्च २०२४ मध्ये टेबल टेनिसचे आपले पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ प्रथमच पात्र ठरले. बुसानची जागतिक सांघिक स्पर्धा फेब्रुवारीतच संपली होती. मग सामना नसताना पात्रता कोठून आली, हे मुलांना समजावताना माझी तारांबळ उडाली.

आता लॉस एंजेलिस २०२८ साठी तो फळा नव्याने आखायचा आहे. हॉकी, तिरंदाजी, नेमबाजी, ॲथलेटिक्स आणि या वेळी क्रिकेटसुद्धा, इतके खेळ एका कोष्टकात बसवताना रकाने कोणते ठेवावेत, आणि निर्णय लागण्याआधी एखाद्या संघाची आशा कितपत आहे हे प्रामाणिकपणे कसे लिहावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

बालेवाडी रेंज

सर, आपल्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्नच या विषयाचा गाभा आहे, म्हणून उत्तर तेथूनच सुरू करतो. मी गेली काही वर्षे नेमबाजी शिकवतो आणि हाच प्रश्न मला दरवर्षी नव्या मुलांचे पालक विचारतात.

मी त्यांना सातबाऱ्याचे उदाहरण देतो. शेत कसणारा एक असतो आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर असतो. नेमबाजीतला कोटा खेळाडू कमावतो, पण तो लागतो देशाच्या नावावर. त्या जागेवर कोणाला पाठवायचे हे देशाचा महासंघ आपल्या धोरणानुसार ठरवतो आणि पॅरिससाठी ते दिल्ली व भोपाळ येथे २०२४ च्या उन्हाळ्यात झालेल्या निवड चाचण्यांवर ठरले. याच पद्धतीची दुसरी बाजूही मुलांना अवश्य सांगा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे त्याच कैरोच्या स्पर्धेत पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथे झोपून आणि उभे राहून नेमबाजी) या प्रकारात चौथा आला. पदक हुकले, पण पहिल्या चौघांना कोटा असल्यामुळे देशाला जागा मिळाली. त्यानंतर त्यालाही त्याच चाचण्यांतून जावे लागले. त्या पार करून तो गेला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी ४५१.४ गुणांसह त्याने कांस्यपदक आणले. चाचणीच्या दिवशी रेंजवर उभ्या असलेल्या मुलाच्या मनावर काय ओझे असते, हे मी जवळून पाहिले आहे. एकदा कमावलेली जागा पुन्हा कमावायची असते आणि समोर परकी माणसे नसतात, आपलेच मित्र असतात. पद्धत न्याय्य आहे असे माझे मत आहे, पण ती कठोर आहे हेही मुलांपासून लपवू नये.

तेव्हा आपल्या फळ्यावर ‘पात्र’ या एका शब्दाऐवजी दोन रकाने हवेत : ‘जागा कोणाची’ आणि ‘जाणार कोण’. नेमबाजीत पहिल्या रकान्यात ‘भारत’ लिहावे आणि दुसरा रकाना चाचण्या होईपर्यंत कोराच ठेवावा. कुस्तीतही कोटा देशाचाच असतो, तोही त्या ठरावीक वजनगटापुरता. याउलट बॅडमिंटनमध्ये जागा खेळाडूच्या किंवा जोडीच्या नावावर असते. पॅरिससाठी १ मे २०२३ पासूनच्या एका वर्षातले गुण धरले गेले आणि देशाला मर्यादा असल्यामुळे आपल्या दोन महिला जोड्यांत अखेरपर्यंत शर्यत राहिली. त्यात अश्विनी पोनप्पा आणि मूळच्या गोव्याच्या कुटुंबातली तनीषा क्रास्टो यांची जोडी पुढे गेली, तर त्रिसा जॉली आणि गायत्री गोपीचंद यांची जोडी मागे राहिली. तेथे निवड चाचणीचा प्रश्नच आला नाही.

टेबल टेनिसचा आपला गोंधळही यातूनच सुटेल. तेथे संघाची जागा क्रमवारीवर आली. खेळ आधी खेळून झालेला असतो आणि आकडा नंतर पडतो. म्हणून ‘कोणत्या मार्गाने’ असा तिसरा रकाना ठेवावा.

आणखी एक छोटी सूचना. कार्यक्रमच बदलत नाही ना, हेही पाहावे. मीराबाई चानूने टोकियोत रौप्य जिंकले ते ४९ किलो गटात. लॉस एंजेलिसला महिला भारोत्तोलनाचा सर्वांत खालचा गट ५३ किलोचा आहे.

डावी विंग

वरील प्रतिसाद अगदी योग्य आहे, परंतु सांघिक खेळांत जागा कोणाची हा प्रश्न नसतो. तेथे प्रश्न असतो दरवाजे किती आणि कोणता दरवाजा कधी बंद होतो. मी खडकीच्या मैदानांवर हॉकी खेळत मोठी झाले, त्यामुळे हॉकीपुरतेच लिहिते.

आशियातल्या संघासाठी पहिला दरवाजा आशियाई खेळांचा आहे. तेथे सुवर्ण मिळाले की थेट प्रवेश. रौप्य आणि कांस्य यांना या हिशेबात काही किंमत नाही. हांगझोउ येथे ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या पुरुषांनी अंतिम सामन्यात जपानला ५-१ असे हरवले आणि त्याच संध्याकाळी पॅरिसचा प्रश्न मिटला. महिला उपांत्य सामन्यात चीनकडून ०-४ अशा हरल्या, कांस्यपदक घेऊन परतल्या आणि त्यांना दुसऱ्या दरवाजाशी, म्हणजे जानेवारी २०२४ च्या रांचीच्या पात्रता स्पर्धेत, उभे राहावे लागले. आठ संघ, जागा तीन. स्पर्धा आपल्या मैदानावर, आणि क्रमवारीतही आपले स्थान चांगले. घरोघरी सगळ्यांनी गृहीतच धरले होते.

पहिलाच सामना क्रमवारीत आपल्यापेक्षा बरीच खाली असलेल्या अमेरिकेने १-० असा जिंकला. उपांत्य सामन्यात जर्मनीशी २-२ अशी बरोबरी झाली आणि शूटआउटमध्ये ३-४ अशी हार झाली. तिसऱ्या जागेसाठी १९ जानेवारीला जपान समोर होता. त्यांनी सुरुवातीलाच पेनल्टी कॉर्नरवर गोल केला आणि उरलेला सगळा वेळ आपल्या मुली बरोबरीसाठी धडपडत राहिल्या. एकामागून एक पेनल्टी कॉर्नर मिळत होते. चेंडू ढकलला जाई, थांबवला जाई, फटका बसे आणि तो कोणाच्या तरी पायावर किंवा गोलरक्षकाच्या पॅडवर आदळून बाहेर येई. शेवट ०-१. टोकियोत चौथा आलेला संघ पॅरिसला गेलाच नाही. तो सामना मी माझ्या भाचीबरोबर पाहिला. ती तेव्हा चौदा वर्षांची होती आणि आंतरशालेय स्पर्धेत खेळत होती. सामना संपल्यावर बराच वेळ आम्ही दोघीही काही बोललो नाही.

हे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की क्रमवारी पाहून ‘आशा चांगली’ असा शेरा मारणे हॉकीत धोक्याचे आहे. टोकियोची पात्रता आठवून पाहा. नोव्हेंबर २०१९ मध्ये भुवनेश्वरला अमेरिकेविरुद्ध दोन सामन्यांची बेरीज धरायची होती. पहिला आपण ५-१ असा जिंकला, म्हणजे काम झाल्यातच जमा होते. आणि दुसऱ्या सामन्यात मध्यंतरालाच अमेरिका ४-० अशी पुढे गेली. बेरीज ५-५. चौथ्या सत्रात राणी रामपालने गोल केला नसता तर टोकियोची ती सुंदर वाटचाल घडलीच नसती. पुरुषांचेही तसेच आहे. मार्च २००८ मध्ये चिलीतल्या सान्तियागो येथे ग्रेट ब्रिटनकडून ०-२ असे हरल्यामुळे आठ सुवर्णपदकांचा आपला संघ बीजिंगला जाऊ शकला नव्हता.

म्हणून माझी सूचना अशी, की ‘आशा’ हा रकाना ठेवूच नये. त्याऐवजी ‘उरलेले दरवाजे’ असा रकाना ठेवून त्यात आकडा लिहावा. आज हॉकीपुढे ‘दोन’ लिहा. आशियाई खेळांत सुवर्ण हुकले की पुसून ‘एक’ लिहा. परिस्थितीचे गांभीर्य मुलांना त्या आकड्यावरूनच कळेल. तारखांचीही नोंद करावी. २०२६ चा विश्वचषक बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये ३० ऑगस्टला संपतो आणि आयची-नागोया येथील आशियाई खेळ १९ सप्टेंबरला सुरू होतात. राजगीरचा आशिया चषक जिंकून पुरुष संघाने विश्वचषकातली जागा आधीच मिळवली आहे, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत त्याच खेळाडूंना दोन शिखरे गाठायची आहेत. कोणाला विश्रांती द्यायची, कोणते दुखणे अंगावर काढायचे, हे सगळे त्या तीन आठवड्यांत ठरेल. लॉस एंजेलिसच्या दृष्टीने पाहिले तर त्यांतली दुसरी स्पर्धा अधिक मोलाची आहे, असे मला ठामपणे वाटते.

नागपूरकर

तिरंदाजीबद्दल थोडे. पॅरिससाठी आपले पुरुष आणि महिला असे दोन्ही रिकर्व्ह (ऑलिंपिकमध्ये आजवर चालत आलेला धनुष्याचा प्रकार) संघ जून २०२४ अखेर क्रमवारीवरून आत गेले. येथे संघाची जागा मिळाली की तिच्याबरोबर तिघांना वैयक्तिक स्पर्धेतही प्रवेश मिळतो. त्याआधी धीरज बोम्मदेवराने बँकॉकला वैयक्तिक कोटा मिळवला होता, परंतु तरुणदीप राय आणि फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव यांना ऑलिंपिकमध्ये धनुष्य उचलता आले ते संघाच्या जागेमुळे. आपण माणदेशातले दिसता, म्हणजे प्रवीण आपल्या शेजारचाच. तेव्हा तिरंदाजीत आधी ‘संघ’ ही ओळ लिहावी आणि तिच्याखाली नावे.

खरी नवी गोष्ट मात्र कंपाउंडची आहे. लॉस एंजेलिसला प्रथमच कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या असलेल्या धनुष्याचा समावेश होत आहे, पण केवळ मिश्र सांघिक प्रकारात. देशातून एक पुरुष आणि एक स्त्री, बस्स. आता आपल्याकडे पाहा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला आमच्या नागपूरचा ओजस देवतळे १५० पैकी १५० गुण करून जगज्जेता झाला आणि त्याच दिवशी साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. हांगझोउला मिश्र सांघिक सुवर्ण जिंकले ते ओजस आणि ज्योती सुरेखा वेन्नम यांनी. २०२५ मध्ये ग्वांगजूच्या जागतिक स्पर्धेत मिश्र सांघिक रौप्य आले ते ज्योती आणि ऋषभ यादव यांच्याकडून. जगज्जेतेपदाच्या तोडीचे इतके तिरंदाज आणि जागा अवघ्या दोन. माझ्या मते येथे देशाला जागा मिळण्यापेक्षा देशातल्या देशात ती जागा मिळवणे अधिक अवघड ठरेल. ‘जाणार कोण’ या रकान्यात घाईने ओजसचे नाव लिहू नका, हे नागपूरकर असूनही सांगतो.

आठशे मीटर

ॲथलेटिक्समध्ये आपल्याला दोन मार्ग दाखवावे लागतील. एक, ठरवून दिलेला निकष मुदतीत गाठणे. दुसरा, जागतिक क्रमवारी. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने जुलै २०२३ मध्ये सिलेसियाला ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ११.६३ सेकंदांत पूर्ण केली. निकष ८ मिनिटे १५ सेकंदांचा होता आणि मुदत त्याच महिन्याच्या १ तारखेला सुरू झाली होती, म्हणजे पंधरवड्यातच त्याचे काम झाले. पॅरिसला तो ऑलिंपिकमध्ये या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेला पहिला भारतीय पुरुष ठरला.

रिलेचे निराळे आहे. तेथे जागा देशाची आणि पॅरिससाठी बहुतेक जागा जागतिक रिले स्पर्धेत ठरल्या. मे २०२४ मध्ये बहामातल्या नासाऊ येथे पहिल्या दिवशी आपल्या पुरुषांच्या चार गुणिले चारशे संघातला दुसरा धावपटू राजेश रमेश पायात गोळा येऊन मध्येच थांबला आणि शर्यत पूर्णच झाली नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एक संधी होती. त्या दिवशी पुरुष आणि महिला दोन्ही संघ आपापल्या शर्यतीत दुसरे आले आणि पात्र ठरले. पहिल्या रात्री आपण फळ्यावर ‘अपात्र’ लिहिले असते तर सकाळी पुसावे लागले असते. दरवाज्यांचा आकडा लिहिण्याची ताईंची सूचना म्हणूनच मला फार पटली.

क्रिकेटबद्दल एकच सांगतो. पुरुषांचे सहा संघ आणि महिलांचे सहा संघ, एवढ्याच जागा आहेत, आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे पूर्ण सदस्य देशच बारा आहेत. आपला संघ बलाढ्य आहे यात शंका नाही, पण अधिकृत घोषणा होईपर्यंत क्रिकेटलाही इतर खेळांसारखीच वागणूक द्यावी. मुलांनी हॉकीची पात्रता श्वास रोखून पाहावी आणि क्रिकेटची गृहीत धरावी, हे बरे नव्हे.

माणदेशी

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी फळा ओल्या फडक्याने पुसून नव्याने आखला. खेळ, जागा कोणाची, कोणत्या मार्गाने, उरलेले दरवाजे, पुढची तारीख आणि जाणार कोण असे सहा रकाने झाले. ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द काढून टाकले. हॉकीपुढे दोन्ही संघांसाठी ‘दोन’ आणि ‘१९ सप्टेंबर २०२६’ असे लिहिले आहे. कंपाउंडच्या ओळीत शेवटच्या रकान्यात एक पुरुष आणि एक स्त्री अशा दोन चौकटी आखून दोन्ही कोऱ्या ठेवल्या आहेत.

तो प्रश्न विचारणारा मुलगा आता दहावीला आहे. त्याला बोलावून सातबाऱ्याचे उदाहरण सांगितले. त्याने ते नीट ऐकून घेतले आणि विचारले, की मग ज्याने जागा कमावली त्याचे नाव फळ्यावर कोठेच राहणार नाही का. त्याच्या म्हणण्यावरून ‘जागा कोणी मिळवली’ असा सातवा रकाना घातला आहे. त्यासाठी डावीकडचे हवामानाचे कोष्टक थोडे आक्रसावे लागले.