एका टेबलावर दोन कॉम्प्युटर; कीबोर्ड, माऊस, मॉनिटर एकच. केव्हीएम कोणता घ्यावा?

अमळनेरकर_डीटीपी

राम राम मंडळी. दुकान अमळनेरला, टेबल जेमतेम तीन फुटी. त्यावर दोन कॉम्प्युटर चालवायचेत. कीबोर्ड, माऊस, मॉनिटर मात्र एकेकच.

जुना: विंडोज ७, ३२ बिट, मागे फक्त व्हीजीए. त्यात मराठी डीटीपीचं जुनं सॉफ्टवेअर आहे आणि ते यूएसबी लॉकशिवाय (यूएसबीत लावायची परवान्याची किल्ली) उघडत नाही. पावत्यांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर २५ पिनांच्या पॅरलल पोर्टवर आहे. म्हणून हा कॉम्प्युटर काढता येत नाही.

नवा: विंडोज ११चा मिनी पीसी. एक एचडीएमआय, एक डिस्प्ले पोर्ट. ऑनलाइन दाखल्यांची कामं यावर. अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचा टोकनही यालाच.

मॉनिटर २२ इंची, १९२० बाय १०८०, मागे एक व्हीजीए आणि एक एचडीएमआय. कीबोर्ड-माऊस साधे, वायरचे, यूएसबी.

जळगावला गोलाणी मार्केटात केव्हीएम स्विच (एकच कीबोर्ड, माऊस, मॉनिटर दोन कॉम्प्युटरांत फिरवणारा डबा) पाहिले. व्हीजीएचा वेगळा, एचडीएमआयचा वेगळा. यातला कोणता घ्यावा? जुन्याला कन्व्हर्टर लागेल का?

भुसावळ_लोको

भाऊ, केव्हीएम घेऊच नका. मॉनिटरला दोन तोंडं आहेत आणि दोन कॉम्प्युटरांची तोंडंही नेमकी तीच आहेत. जुन्याची व्हीजीए केबल सरळ मॉनिटरच्या व्हीजीएत, नव्याची एचडीएमआय सरळ एचडीएमआयत. चित्र बदलायचं काम मॉनिटर स्वतः करतो. डब्यातून फक्त कीबोर्ड आणि माऊस न्यायचेत, त्यासाठी 'यूएसबी शेअरिंग स्विच' मागा: दोन कॉम्प्युटर, चार वस्तू. केव्हीएमपेक्षा स्वस्त पडतो.

एचडीएमआयचा केव्हीएम घेतलात तर जुन्यासाठी व्हीजीए-टू-एचडीएमआय कन्व्हर्टर लागेल, आणि तो एकाच दिशेने चालतो. दुकानात समोर दिसतो तो बहुधा उलटा, एचडीएमआय-टू-व्हीजीए असतो. तुमच्या कामाचा जो आहे त्याला व्हीजीए केबलमधून पुरेशी वीज मिळत नाही, म्हणून यूएसबीची ५ व्होल्टची शेपटी वेगळी लावावी लागते. एवढा खटाटोप करून चित्र सरळ केबलपेक्षा चांगलं येणार नाही ते नाहीच.

स्वस्त केव्हीएमची दुसरी खोड म्हणजे ईडीआयडी. मॉनिटर आपली माहिती (कोणतं रिझोल्यूशन, किती हर्ट्झ) केबलमधून कॉम्प्युटरला सांगत असतो. साधा केव्हीएम दुसरीकडे वळला की पहिल्या कॉम्प्युटरला वाटतं मॉनिटरच उपटला. परत आलात की खिडक्या विस्कटलेल्या, कधी रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८वर उतरलेलं. ज्या डब्यात ईडीआयडी इम्युलेशन (मॉनिटर जोडलेलाच आहे असं कॉम्प्युटरला भासवणं) असतं त्यात हे होत नाही, पण त्याची किंमतही तशीच असते.

यूएसबी स्विच घेताना कॉम्प्युटरकडची तोंडं बघा. प्रिंटरसारखं चौकोनी असेल तर उत्तम, कारण केबल तुटली तर प्रिंटरची कुठलीही केबल चालते. काहींना दोन्ही टोकांना चपटी पिन असलेली केबल लागते. ती आपल्याकडे सहज मिळत नाही. केबल दीड-दोन मीटरचीच ठेवा. यूएसबी २ची मर्यादा एका केबलला ५ मीटर आहे, पण स्वस्त डब्यात तिथवर जाऊच नये.

मॉनिटर बदलायला दर वेळी त्याच्या बुडाची बटणं चाचपायची नसतील तर निरसॉफ्टचा 'कंट्रोल माय मॉनिटर' हा फुकट प्रोग्राम दोन्ही कॉम्प्युटरांत टाका. आधी मॉनिटरच्या मेन्यूत डीडीसी/सीआय (कॉम्प्युटरने केबलमधून मॉनिटरला हुकूम देण्याची सोय) चालू करा. प्रोग्राम उघडला की एक यादी दिसते, त्यात ६० क्रमांकाची ओळ 'इनपुट सिलेक्ट' ची. बहुतेक मॉनिटरांत व्हीजीए म्हणजे १ आणि पहिलं एचडीएमआय म्हणजे १७. तुमच्या मॉनिटरचे आकडे वेगळे असू शकतात. इनपुट बदलून यादी ताजी करा, त्या ओळीत काय दिसतं ते टिपून घ्या. मग जुन्यात '१७ कर' असा शॉर्टकट आणि नव्यात '१ कर' असा. म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरने मॉनिटर दुसऱ्याच्या हवाली करायचा. स्वतःकडे ओढायचा नाही, कारण दुसऱ्याचं चित्र चालू असताना बरेच मॉनिटर पहिल्याचं ऐकतच नाहीत. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एम अशी कळ बांधा.

क्रम लक्षात ठेवा: आधी ती कळ, मग यूएसबी स्विचचं बटण. उलट केलंत तर कीबोर्ड आधीच पलीकडे गेलेला असतो आणि कळ भलत्याच कॉम्प्युटरला लागते.

चोपडा_टायपिंग

वरचं पटतंय. तरी केव्हीएमच घ्यायचा ठरलं तर एक खाच आहे, ती दुकानदार सांगत नाही. बहुतेक केव्हीएम कीबोर्डवरून बदलायला स्क्रोल लॉक दोनदा दाबायचा असतो. मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरात भाषा बदलायची कळही पुष्कळदा स्क्रोल लॉकच ठेवलेली असते. मराठीत टाइप करता करता एक इंग्रजी शब्द आला, स्क्रोल लॉक, शब्द, परत स्क्रोल लॉक. शब्द छोटा आणि हात चलाख असला तर डबा दोन दाब एकत्र धरतो, पडदा काळा होतो आणि पुढची ओळ दुसऱ्या कॉम्प्युटरच्या सरकारी फॉर्मात जाऊन पडते. त्यामुळे हॉटकी बदलता किंवा बंद करता येणारा डबा पाहा, नाहीतर लांब वायरचं बटण असलेला घ्या.

यूएसबी लॉक, अंगठ्याचं मशीन, सहीचा टोकन यातलं काहीही स्विचवर लावू नका; स्विचला पोर्ट रिकामं दिसलं तरी नाही. बटण दाबणं म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी ती वस्तू उपटणं. लॉक गेला की सॉफ्टवेअर न जतन केलेल्या पानासकट बंद होऊ शकतं. टोकन गेला की सही अर्धवट राहते आणि पोर्टलवर पहिल्यापासून लॉगिन. पेन ड्राइव्हवर कॉपी चालू असताना बटण दाबलं तर फाइल गेलीच समजा.

धुळे_वायरमन

केबलींचं सगळं सांगून झालं, बोर्डाचं कुणी बोललं नाही.

दोन कॉम्प्युटर एका मॉनिटरला जोडले की तिघांचे पत्रे केबलच्या जाळीतून एकमेकांना जोडले जातात. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (आतल्या पॉवर सप्लायमध्ये) फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला बारीक कपॅसिटर असतात. अर्थिंग नसलं तर तो पत्रा साधारण ११५ व्होल्टवर, म्हणजे २३०च्या निम्म्यावर तरंगत राहतो. करंट किरकोळ, हाताला नुसत्या मुंग्या येतात. पण एक कॉम्प्युटर अर्थिंगवाल्या बोर्डावर आणि दुसरा बिनअर्थिंगच्या एक्स्टेन्शनवर असेल, आणि चालू असताना एचडीएमआयची पिन घुसवली, तर तो झटका पोर्टातून जातो. व्हीजीए बऱ्यापैकी सोसतं. एचडीएमआयची चिप सोसत नाही.

म्हणून मॉनिटर, दोन्ही कॉम्प्युटर, यूपीएस, सगळं एकाच तीन पिनी बोर्डावर. जोडणी करताना सगळ्यांच्या पिना भिंतीतून काढलेल्या, नुसतं स्विच बंद करून भागत नाही. आधी केबली, मग पिना, मग मॉनिटर, शेवटी कॉम्प्युटर.

अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून मल्टिमीटरने तपासून घ्या. फेज ते अर्थिंग २३०च्या आसपास, न्यूट्रल ते अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. आपल्याकडची काळी जमीन मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात नावालाच उरतं. खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा.

मिनी पीसी जुन्या कॅबिनेटच्या डोक्यावर ठेवू नका. जळगाव-भुसावळच्या उन्हात खालच्याची गरम हवा वरच्याच्या पोटात जाते.

नंदुरबार_नेट

स्विच न घेताही चालेल असा एक रस्ता: दोघांमध्ये सरळ लॅन केबल टाका. जुन्याला १९२.१६८.५.१, नव्याला १९२.१६८.५.२, दोन्हीकडे मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. नव्याचं इंटरनेट वायफायवरून. जुन्यात टाइट व्हीएनसीचा सर्व्हर, नव्यात व्ह्यूअर. मग जुना कॉम्प्युटर नव्याच्या पडद्यावर एका खिडकीत दिसतो. जुना इंटरनेटपासून तुटलेला राहतो, हा वरचा फायदा. विंडोज ७चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय.

विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप इथे टाळा. एक तर तो होम आवृत्तीत दुसऱ्याला आत घेत नाही. दुसरं, लॉकवर चालणारी बरीच सॉफ्टवेअरं रिमोट सेशन ओळखतात आणि उघडायला नकार देतात. व्हीएनसी समोरचा पडदाच जसाच्या तसा दाखवतो, म्हणून तिथे ही अडचण येत नाही.

मात्र दिवसभर जुन्यावरच टायपिंग असेल तर भुसावळकरांचंच ऐका. व्हीएनसीत अक्षर किंचित मागून उमटतं, भरभर टाइप करणाऱ्याला ते खुपतं. शिवाय बायोसचा (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगचा) पडदा त्यात दिसत नाही.

अमळनेरकर_डीटीपी

जमनं भो! यूएसबी स्विच लावला, दोन्ही शॉर्टकट चालतात, मॉनिटरचे आकडे १ आणि १७च निघाले. सगळं एका बोर्डावर घेतलं.

तीन गोष्टी राहिल्या. स्विच दाबल्यावर जुन्यात कीबोर्ड दोन-तीन सेकंद मुका राहतो. सकाळी जुना चालू केला तर 'कीबोर्ड नॉट फाउंड, एफ १ दाबा' म्हणून थांबतो. आणि नवा झोपला की मॉनिटर आपणहून जुन्यावर उडी मारतो.

भुसावळ_लोको

पहिली अडचण स्विचच्या जातीतच आहे. यात इम्युलेशन, म्हणजे कीबोर्ड जोडलेलाच आहे असं भासवण्याची सोय, नाही, म्हणून प्रत्येक दाबाला विंडोज कीबोर्ड नव्याने ओळखतं. दोन-तीन सेकंद म्हणजे ठीकच. दहा सेकंद लागले तर जुन्याची केबल मागच्या, मदरबोर्डवरच्या यूएसबीत लावा, पुढच्या पॅनेलच्या नको.

दुसरी: चालू करताना बटण नव्याकडे राहिलेलं असतं. एकदा ते जुन्याकडे करून बायोसमध्ये जा, 'हॉल्ट ऑन' शोधा, 'ऑल बट कीबोर्ड' करा. जवळच 'यूएसबी लेगसी सपोर्ट' असेल, तो एनेबल ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी बायोसमध्ये कीबोर्ड चालायचाच नाही.

तिसरी: मॉनिटरच्या मेन्यूत 'ऑटो इनपुट' किंवा 'ऑटो सोर्स' असेल, ते बंद करा. आणि नव्यात सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे मॉनिटर सुटल्यावर खिडक्या मिनिमाइज करण्याची खूण काढून टाका. काही मॉनिटर व्हीजीएवर गेले की एचडीएमआयला 'मी नाही' असं सांगतात, तेव्हा उघडे फॉर्म खाली जाऊन बसतात.

अमळनेरकर_डीटीपी

'हॉल्ट ऑन' सापडलं, पहिल्याच पानावर होतं. स्विचवर १ आणि २ एवढेच दिवे आहेत, म्हणून १च्या दिव्याशेजारी 'डीटीपी' आणि २च्या शेजारी 'दाखले' अशी पट्टी चिकटवली.