मदत हवी आहे: अमेरिकेतून जुन्या कंट्री-रॉक एलपी आणायच्या आहेत, नेमक्या कोणत्या प्रती घ्याव्यात?

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण कॅलिफोर्नियात, फ्रीमॉन्टला असते. डिसेंबरात ती पुण्याला येतेय आणि माझ्यासाठी एलपी, म्हणजे ग्रामोफोनच्या लाँग-प्ले तबकड्या, घेऊन यायला तयार आहे. तिला स्वतःला या संगीताची आवड नाही. पण काय बघायचं ते नीट सांगितलं, तर बर्कलीच्या अमीबा म्युझिक या रेकॉर्डच्या दुकानात किंवा एखाद्या घरगुती विक्रीत उभी राहून ती मला फोटो पाठवेल. त्या फोटोंत मी काय शोधायचं, हे जाणकारांनी सांगावं.

मला हव्या आहेत त्या एलपी साधारण १९६८ ते १९७४ मधल्या, कंट्री आणि रॉक एकमेकांत मिसळले त्या काळातल्या. कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलच्या मुरलेल्या कलाकारांना लॉस एंजेलिसची लांब केसांची पोरं परकी वाटायची, आणि त्या पोरांच्या श्रोत्यांना कंट्री म्हणजे जुन्या विचारांच्या लोकांचं संगीत वाटायचं. व्हिएतनाम युद्धाने ही दरी आणखी रुंदावली होती. अशा वेळी १९६८ मध्ये बर्ड्स या रॉक बँडने नॅशव्हिल गाठून 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ'चा बराच भाग तिथे ध्वनिमुद्रित केला. त्यांच्यात तेव्हा ग्रॅम पार्सन्स होता. पुढे १९७३ च्या सप्टेंबरात, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी तो गेला. त्याच्या 'जीपी' आणि मृत्यूनंतर आलेल्या 'ग्रीव्हस एंजल' या दोन एलपींवर एमिलू हॅरिस त्याच्याबरोबर गाते. ते दोन आवाज एकत्र येतात तेव्हा मला दुसरं काही सुचत नाही.

पण एकच एलपी आणता येणार असेल, तर मी निटी ग्रिटी डर्ट बँडचा 'विल द सर्कल बी अनब्रोकन' हा तीन तबकड्यांचा संच मागेन. ऑगस्ट १९७१ मध्ये ही तरुण मंडळी नॅशव्हिलच्या वुडलँड स्टुडिओत गेली आणि मदर मेबेल कार्टर, रॉय एकफ, अर्ल स्क्रग्ज, डॉक वॉटसन, मर्ल ट्रॅव्हिस अशा ज्येष्ठांसोबत बसून वाजवलं. गाण्यांच्या मधल्या गप्पाही रेकॉर्डवर तशाच ठेवल्या आहेत. डॉक वॉटसनने मर्ल ट्रॅव्हिसवरच्या प्रेमापोटी आपल्या मुलाचं नाव मर्ल ठेवलं होतं, आणि डॉक व ट्रॅव्हिस तिथे पहिल्यांदा भेटले. ती भेट आपल्याला ऐकू येते. मी हे सगळं आजवर फोनवर तुकड्यातुकड्यांत ऐकलं आहे. आता बाजू संपली की उठून तबकडी उलटायची, या क्रमाने ऐकायचं आहे.

माझ्या शंका अशा. प्रत त्याच काळातली आहे की नंतरची, हे फोटोवरून कसं ओळखायचं? कव्हरचा कोपरा कापलेला असेल तर घ्यावी का? आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या 'डायनाफ्लेक्स' नावाच्या पातळ रेकॉर्ड टाळाव्यात असं वाचलं, ते खरं आहे का? आणि विमानातून सुखरूप कशा आणायच्या? पुन्हा विकण्यासाठी नको आहेत, ऐकण्यासाठीच हव्या आहेत. बजेट बेताचं आहे.

प्रतिसाद १ (जुनी तबकडी)

धागा वाचून फार आनंद झाला. अनेक वर्षं न्यू जर्सीत राहून हेच गोळा केलं, म्हणून सविस्तर लिहितो.

बहिणीला प्रत्येक रेकॉर्डचे तीन फोटो काढायला सांगा: मधलं लेबल, लेबलभोवतीचा गाणी नसलेला गुळगुळीत पट्टा, आणि दिव्याखाली तिरकी धरलेली तबकडी. कव्हरचा फोटो शेवटी. कव्हर वर्षानुवर्षं तेच राहतं, लेबल बदलत जातं.

कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचं बघा. १९७० पर्यंत त्यांच्या लाल लेबलवर खाली '३६० साउंड' असे शब्द असायचे. त्यानंतर कडेने गोल फिरणारं सोनेरी-नारिंगी 'कोलंबिया' आलं. म्हणजे १९६८ ची 'स्वीटहार्ट' किंवा १९६९ ची डिलनची 'नॅशव्हिल स्कायलाइन' पहिल्या काळातली हवी असेल, तर लेबलवर ३६० दिसायला हवं. १९७१ नंतरच्या एलपीवर ते शोधू नका. वॉर्नर ब्रदर्सचं लेबल आधी हिरवं होतं, १९७३ पासून त्यावर बरबँकच्या रस्त्याचं, ताडांच्या रांगेचं चित्र आलं. ग्रेटफुल डेडच्या १९७० मधल्या दोन एलपी, 'वर्किंगमन्स डेड' आणि 'अमेरिकन ब्यूटी', हिरव्या लेबलच्या मिळाल्या तर उत्तम. ताडांच्या लेबलची प्रत स्वस्तात आणि स्वच्छ मिळाली, तर ऐकण्यासाठी तीही बिनदिक्कत घ्या.

गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेले आकडे आणि अक्षरं असतात. साचा कुणी कापला, कितव्यांदा कापला, कुठल्या कारखान्यात छापला, याच्या खुणा तिथे मिळतात. 'आरएल' म्हणजे रॉबर्ट लडविग, 'स्टर्लिंग' म्हणजे न्यूयॉर्कचा स्टर्लिंग साउंड स्टुडिओ. ती अक्षरं डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या नोंदींच्या वेबसाइटवर टाकली की नेमकी कोणती आवृत्ती ते बहुतेक वेळा सापडतं.

कापलेला कोपरा किंवा पाडलेलं भोक म्हणजे तो न खपलेला, सवलतीत काढलेला माल. आतली तबकडी तीच असते. संग्राहक नाक मुरडतात म्हणून किंमत उतरते, तुमच्यासाठी ते चांगलंच आहे. मागे 'मॅन्युफॅक्चर्ड बाय कोलंबिया हाउस' असं लिहिलेलं दिसलं, तर ती टपालाने रेकॉर्ड विकणाऱ्या क्लबची प्रत. ती ऐकायला वाईट असतेच असं नाही, पण तिच्यासाठी मूळ प्रतीचे पैसे देऊ नयेत.

डायनाफ्लेक्सबद्दलचा राग मला पटत नाही. तबकडी हातात वाकते हे खरं. पण वेलन जेनिंग्जची १९७३ ची 'हॉन्की टॉन्क हीरोज' माझ्याकडे तशीच आहे आणि सुरेख वाजते. जवळजवळ सगळी गाणी बिली जो शेव्हरची. जरूर घ्या. फक्त ती सपाट आहे का, हे कडेने डोळा लावून बघायला सांगा.

एक सावधगिरी क्रिस क्रिस्टॉफरसनबाबत. १९७० ची 'क्रिस्टॉफरसन' आणि १९७१ ची 'मी अँड बॉबी मगी' हा एकच अल्बम आहे. जॅनिस जॉप्लिनने म्हटलेलं गाणं गाजल्यावर तोच नव्या नावाने पुन्हा काढला. दोन्ही घेऊ नका.

आणि नील यंगची 'हार्वेस्ट' विसरू नका. ती १९७२ ची, अमेरिकेत त्या वर्षी सर्वाधिक खपलेली एलपी, त्यामुळे प्रती भरपूर आणि स्वस्त. मूळ प्रतीचं कव्हर बोटांना खरबरीत लागतं, आत गीतांचा कागद असतो. 'हार्ट ऑफ गोल्ड'वर मागून गाणारे दोघे म्हणजे लिंडा रॉनस्टॅट आणि जेम्स टेलर. जॉनी कॅशच्या टीव्ही कार्यक्रमासाठी तेही तेव्हा नॅशव्हिलमध्ये होते.

प्रतिसाद २ (कोथरूडकर)

वरच्या प्रतिसादात प्रतवारी राहिली. दुकानदार 'व्हीजी प्लस' (व्हेरी गुड प्लस, म्हणजे रेकॉर्डची स्थिती चांगली) लिहितात ते बहुधा नुसतं बघून, वाजवून नव्हे. नखाला लागणारा ओरखडा सुईलाही लागणार, केसासारख्या पुसट रेघा बहुतेक वेळा ऐकू येत नाहीत. घासून पांढुरक्या पडलेल्या खोबणी मात्र कितीही धुतल्या तरी सुधारत नाहीत, अशी रेकॉर्ड सोडून द्या.

पुण्यात आल्यावर जुनी कागदी पाकिटं बदला, पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि बुरशी येते. प्लास्टिकचं अस्तर असलेली पाकिटं घ्या. रेकॉर्ड उभ्याच ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवून नको. धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर वापरा. घरात आजोबांच्या लाखेच्या ७८ आरपीएम तबकड्या असतील, तर त्यांना अल्कोहोलचं द्रावण कधीही लावू नका, लाख विरघळते.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. हे सगळं बहिणीला मराठीतच जसंच्या तसं पाठवलं आहे. दोन गोष्टी उरल्या. रोलिंग स्टोन्सची 'स्टिकी फिंगर्स' घेतली, तर तिच्या कव्हरवरच्या खऱ्या चेनमुळे (झिपमुळे) शेजारच्या रेकॉर्ड खराब होतात का? आणि बॅगेत किती मावतील?

प्रतिसाद ३ (जुनी तबकडी)

हो, होतात. १९७१ मध्ये दुकानांकडे गठ्ठे जाताना त्या चेनने तबकड्यांवर खळगे पाडले होते. म्हणून चेन अर्धी खाली ओढून पाठवायला लागले, म्हणजे दाब मधल्या लेबलवर पडतो. तुम्हीही तसंच करा आणि दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा घाला.

कव्हरसकट एक एलपी साधारण २०० ते २५० ग्रॅमची. ७ किलोच्या हातसामानात बॅगेचं वजन धरून वीसेक बसतील, पुस्तकासारख्या उघडणाऱ्या कव्हरांच्या असतील तर कमी. कव्हर सव्वाएकतीस सेंटिमीटरच्या आसपास चौकोनी असतं, बॅग आतून मोजून घ्यायला सांगा. तबकडी आतल्या पाकिटासकट कव्हरच्या बाहेर काढून मागे ठेवायची, नाहीतर धक्क्याने ती कव्हरची शिवण फाडते. खरेदी झाल्यावर गाडीच्या डिकीत उन्हात ठेवायच्या नाहीत, कॅलिफोर्नियात डिसेंबरातही नाही.

आणि बहीण बर्कलीला जातच आहे तर क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडच्या एलपी तिथेच बघू दे. ते जवळच्या एल सेरिटोचे आणि त्यांची फँटसी ही रेकॉर्ड कंपनीही त्याच भागातली होती. तिथे त्यांच्या 'कॉस्मोज फॅक्टरी'च्या जुन्या प्रती अजून बऱ्याच निघतात. फोटो आले की इथेच टाका, लेबलं मिळून बघू.