पाळ्या सांभाळून पहाटेची धाव

नोकरीच्या रगाड्यात पहाटे ५ ला उठून पळायला जाणं जमत नाही, असं बरेच जण म्हणतात. मी नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात आहे, पहिली पाळी ७ ची. तरी आठवड्यातून ३ दिवस गोल्फ क्लब मैदानावर ग्रुपबरोबर पळतो. खरी मेख आदल्या रात्री आहे. १० ला मोबाईल बाजूला, बूट-मोजे दाराशी. थंडीत नाशिकचा पारा १० च्या खाली जातो, पांघरूण सोडवत नाही. पण कोपऱ्यावर कानटोपी घालून कोणीतरी आपली वाट बघतंय हे आठवलं, की उठवतंच.

रात्रपाळीच्या आठवड्यात मात्र पळत नाही. झोप मोडून पळू नका, पोटऱ्या आणि गुडघे लगेच कुरकुरतात. तेव्हा संध्याकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर नुसतं चालायला या, मी असतो तिथे.