दहा दिवस चालू असलेला पायथन प्रोग्रॅम गप्प झालाय. न मारता आत काय चाललंय ते कसं बघायचं?

पर्जन्यमापक | मंगळवार, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. बाणेरच्या आमच्या मशीनवर (उबंटू २२.०४, पायथन ३.१०, ८ कोअर, ६४ जीबी) अतिवृष्टीचे पुनरावर्तन-काळ (तेवढा पाऊस सरासरी किती वर्षांनी पडतो) काढणारा प्रोग्रॅम चालू आहे. आकडेवारी हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाची, १९०१ पासूनचा दैनिक पाऊस, पाव अंशाची जाळी. माझ्या यादीत जमिनीवरचे ४,९०० बिंदू आहेत. दर बिंदूला १ लाख बूटस्ट्रॅप नमुने (मूळ आकड्यांतूनच पुन्हा पुन्हा उचललेले संच) आणि १५ पुनरावर्तन-काळ, म्हणजे एका वर्करला साधारण ३५ मिनिटं लागतात. मल्टिप्रोसेसिंगचा पूल (काम वाटून घेणाऱ्या प्रोसेसचा गट), ८ वर्कर, आयमॅप (निकाल एकेक करून हातात देणारं फंक्शन), चंकसाइझ (वर्करला एका वेळी किती कामं द्यायची) दिलेला नाही. वर्कर (क्रमांक, अ‍ॅरे) अशी जोडी परत देतो. मूळ प्रोसेस त्याचा सारांश फाइलीत लिहून अ‍ॅरे सोडून देते.

काल संध्याकाळी सातच्या सुमाराला लॉगमध्ये ३१०१ क्रमांक आला, त्यानंतर १४ तास एक ओळ नाही. टॉपमध्ये आठही वर्कर १०० टक्के, मूळ प्रोसेस (४१२७) शून्य टक्के. तिची मेमरी मात्र ३ जीबीवरून ५.३ जीबीवर गेली आहे. मधली स्थिती साठवण्याची सोय प्रोग्रॅममध्ये नाही, त्यामुळे मारला तर दहा दिवस गेले. एका सहकाऱ्याने ‘किल -३’ (प्रोसेसला क्विट सिग्नल पाठवणं) सुचवलंय. करू का? आणखी एक, येत्या गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद राहणार आहे, यूपीएसवर जेमतेम दीड तास निघतो.

डेक्कन_टर्मिनल | सकाळी ९:४०

किल -३ अजिबात नको. ती सवय जावाची. जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारं इंजिन) तो सिग्नल मिळाला की थ्रेडची यादी छापून पुढे चालू राहतं. पायथनने तो पकडलेला नसतो, त्यामुळे प्रोसेस तिथेच संपेल. यूझर१ सिग्नलचंही तेच. फॉल्टहँडलर (सिग्नल आला की थ्रेडची स्थिती छापणारं पायथनचं मोड्यूल) नोंदवलेला नसेल तर तोही मारतो. नोंदवलाय का हे आठवणीवर सोडू नका, ‘/प्रॉक/४१२७/स्टेटस’मध्ये सिगसीजीटी (पकडले जाणारे सिग्नल) ही ओळ बघा. तिथल्या हेक्स आकड्यात २०० चा बिट असेल तरच यूझर१ पकडला जातोय.

‘लॉग येत नाही’ म्हणजे अडकलाय असंही लगेच धरू नका. प्रिंटचं आउटपुट फाइलीकडे वळवलेलं असलं की पायथन ८ केबीचा बफर भरेपर्यंत काही लिहीत नाही. तुमच्याकडे आधी ओळी वेळच्या वेळी येत होत्या, तेव्हा इथे ते कारण दिसत नाही. (बफर असता तर जीडीबी या डीबगरमधून एफफ्लश करूनही उपयोग नव्हता. पायथन ३ चा बफर सी लायब्ररीच्या बफरपेक्षा वेगळा असतो.)

आता फक्त बघायच्या गोष्टी, यात काही बदलत नाही.

पाय-स्पाय (चालू पायथन प्रोसेस कुठे आहे ते बाहेरून दाखवणारं साधन) वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये टाका, चालू प्रोग्रॅमच्या एन्व्हायर्नमेंटला हात लावू नका. त्यातलं पॅकेज बदललं आणि प्रोग्रॅमने पुढे कधी उशिरा इम्पोर्ट केलं, तर जुनं-नवं एकत्र येऊन नवाच घोळ होईल. मग ‘सुडो पाय-स्पाय डम्प --पिड ४१२७’. सुडो लागेल, कारण उबंटूवर पीट्रेस-स्कोप (एका प्रोसेसने दुसरीत डोकवण्यावरची मर्यादा) १ असतो आणि पाय-स्पायने स्वतः सुरू न केलेल्या प्रोसेसमध्ये, ती तुमचीच असली तरी, डोकवायला परवानगी मिळत नाही. डम्प घेताना प्रोसेस क्षणभर थांबते. तेही नको असेल तर --नॉनब्लॉकिंग द्या, क्वचित चित्र विस्कटलेलं येईल एवढंच.

दुसरं, ‘पीएस -ओ पिड,एलस्टार्ट,स्टॅट,आरएसएस --पीपिड ४१२७’. आठही वर्कर एकाच वेळी सुरू झालेत का ते बघा. तिसरं, ‘डीमेसेज -टी’मध्ये (कर्नलचा लॉग) ‘किल्ड प्रोसेस’ शोधा. तिन्हींचं आउटपुट इथे टाका. स्ट्रेस (सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) सध्या नको. तो दर सिस्टिम कॉलला प्रोसेस दोनदा थांबवतो, आणि तुमचा प्रश्न सिस्टिम कॉलचा वाटत नाही.

पर्जन्यमापक | सकाळी १०:२५

डम्पमध्ये मुख्य थ्रेड: थ्रेडिंगमधलं वेट, त्याच्या खाली मल्टिप्रोसेसिंग पूलमधलं नेक्स्ट, त्याच्या खाली माझा फॉर लूप. सहा वर्कर दहा दिवसांपूर्वीच्या शनिवारचे, दोन मात्र काल संध्याकाळी ६:५२ आणि ६:५३ चे! डीमेसेजमध्ये त्याच दोन वेळांना दोन पायथन प्रोसेस मेमरी संपल्यामुळे मारल्याची नोंद आहे. त्या वेळी याच मशीनवर कुणाची तरी नोटबुक ४० जीबी घेऊन बसली होती.

डेक्कन_टर्मिनल | सकाळी ११:०५

मग निदान झालंच. पूलमधला वर्कर बाहेरून मारला गेला की पूल त्याच्या जागी नवा वर्कर उभा करतो, पण मेलेल्याच्या हातातलं काम पुन्हा कुणाला देत नाही. आयमॅप निकाल क्रमानेच हातात देतो, म्हणून मुख्य थ्रेड ३१०२ ची वाट बघत बसलाय आणि तो कधीच येणार नाही. पुढचे निकाल मात्र येताहेत. ते आयमॅप-इटरेटरच्या ‘_अनसॉर्टेड’ नावाच्या डिक्शनरीत साचतात. हिशोब करून बघा: १ लाख × १५ × ८ बाइट म्हणजे एक निकाल १२ एमबी. १४ तासांत ८ वर्करांचे सुमारे १९० निकाल, म्हणजे साधारण २.३ जीबी. मूळ प्रोसेसची मेमरी नेमकी तेवढीच वाढली आहे. काही हरवलेलं नाही, फक्त ते दोन बिंदू गेलेत.

आधी वर्करांना ‘किल -स्टॉप’ द्या, आठही पिडना. काम आहे तिथे गोठतं, ‘किल -कॉन्ट’ दिलं की तिथूनच पुढे चालू होतं. गुरुवारीही हेच करा. सीपीयू रिकामा राहिला की यूपीएस बराच जास्त टिकतो.

ऊम-स्कोअर-अ‍ॅडज (मेमरी संपल्यावर कुणाला मारायचं ते ठरवणारा आकडा) वजा १००० करून मूळ प्रोसेस वाचवायचा मोह आवरा. फोर्क केलेल्या मुलांना तो आकडा वारशाने मिळतो, त्यामुळे पूलने उभे केलेले नवे वर्करही अभेद्य होतील आणि मेमरी संपली की कर्नल भलत्यालाच मारेल. वजा ३०० पुरे.

आता सुटका. एक छोटी पायथन फाइल लिहा. जीसी (गार्बेज कलेक्शन) मोड्यूलच्या गेट-ऑब्जेक्ट्समधून आयमॅप-इटरेटर प्रकारचा ऑब्जेक्ट शोधा, त्याला इट म्हणू. ‘विथ इट._कॉन्ड’ करून त्याच्या आत _अनसॉर्टेडची प्रत काढा आणि ती प्रत पिकलने (पायथनचे ऑब्जेक्ट फाइलीत साठवण्याची पद्धत) डिस्कवर उतरवा. ही पायरी टाळू नका. पुढे काही बिघडलं तरी १४ तासांचं काम फाइलीत राहील.

मग जीडीबी ४१२७ ला जोडून बॅच मोडमध्ये तीन कॉल: पायजिलस्टेट-एन्शुअर (पायथनचं मुख्य लॉक, म्हणजे जिल, हातात घेणं), पायरन-सिंपलस्ट्रिंग (हा तुमची फाइल उघडून एक्झेक करेल), आणि पायजिलस्टेट-रिलीज, ज्याला पहिल्या कॉलचं उत्तर $१ द्यायचं. डीबग सिम्बॉल नसतील तर प्रत्येक कॉलआधी परतीचा प्रकार (इंट) लिहा, नाहीतर जीडीबी कॉल करायलाच नकार देईल. बॅच मोड संपताना जीडीबी आपोआप सुटतं. सिंपलस्ट्रिंगचं उत्तर ० यायला हवं. वजा १ आलं तर तुमच्या फाइलीत चूक आहे, ट्रेसबॅक प्रोग्रॅमच्या एररच्या लॉगमध्ये पडेल.

हे इथे जमतं कारण मुख्य थ्रेड लॉकवर शांत झोपलाय. तोच थ्रेड मॅलॉकच्या (मेमरी मागण्याच्या) किंवा गार्बेज कलेक्शनच्या मधोमध असता तर असा कॉल घालणं धोक्याचं ठरलं असतं. म्हणून जोडण्याआधी पुन्हा एकदा डम्प घेऊन खात्री करा.

लिनक्सवाली_सहकारनगर | दुपारी १२:१५

वरचं बरोबर आहे, फक्त लूप पुढे कसा ढकलायचा ते राहिलं. पिकल हातात आल्यावर दुसऱ्या फाइलीत ‘इट._सेट(३१०२, (ट्रू, (३१०२, अ‍ॅरे)))’ असं करा. बाहेरच्या जोडीतला ट्रू म्हणजे काम यशस्वी. फॉल्स दिलंत तर मुख्य लूपमध्ये एक्सेप्शन उठेल आणि सगळंच जाईल. अ‍ॅरेच्या जागी १ लाख × १५ आकाराचा, सगळीकडे नॅन (‘आकडा नाही’ ही खूण) भरलेला अ‍ॅरे द्या. नन (पायथनचं ‘काहीच नाही’) देऊ नका, तुमचा लूप जोडी उलगडायला जाईल आणि तिथेच मरेल. सारांशात क्वांटाइल काढताना नॅनवर एरर फेकणारं काही नाही ना, तेही आधी बघून घ्या. चंकसाइझ १ पेक्षा जास्त असता तर एका निकालाऐवजी अख्खी यादी द्यावी लागली असती.

दुसरा हरवलेला क्रमांक अंदाजाने ठरवू नका. ३१०२ पासून _अनसॉर्टेडमधल्या सर्वांत मोठ्या क्रमांकापर्यंत जे नाहीत ते छापा. शेवटाकडचे काही न दिसणारे क्रमांक आत्ता वर्करांच्या हातात आहेत, ते हरवलेले नाहीत. त्यांना हात लावलात तर खरा निकाल नंतर येऊन डिक्शनरीत पडून राहील आणि फाइलीत नॅन जाईल. दोन्ही वर्कर एका मिनिटाच्या अंतराने मेलेत, म्हणजे दुसरा क्रमांक ३१०२ च्या आसपासच असणार.

शेवटी आठही वर्करांना कॉन्ट. पुढच्या वेळी कॉन्करंट-फ्यूचर्सचा प्रोसेसपूल-एक्झिक्यूटर वापरा. त्यात वर्कर मेला की तो गप्प बसत नाही, ब्रोकन-प्रोसेसपूल अशी एरर फेकतो. अर्थात पूल त्यानंतर निकामी होतो, म्हणून दर निकाल आला की लगेच फाइलीत लिहायला पर्याय नाही.

पर्जन्यमापक | दुपारी २:४०

पिकल निघालं, २.३ जीबी. दुसरा क्रमांक ३१०५ होता. दोन्ही _सेट केल्यावर लॉग ३१०२ पासून धावत सुटला आणि काही मिनिटांत ३२९४ वर आला. मूळ प्रोसेसची मेमरी अजून ५.१ जीबीच दिसतेय, ती खाली का येत नाही?

लिनक्सवाली_सहकारनगर | दुपारी ३:००

निकाल ज्या पिकल बाइट्समधून उलगडले जातात तेही त्याच हीपमधून येतात, आणि मोकळी झालेली जागा ग्लिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) लगेच कर्नलला परत देईलच असं नाही. ती जागा पुढच्या निकालांना वापरली जाईल. आकडा ५.१ वर स्थिर राहिला तर ठीक. पुन्हा तासाला १६० एमबीच्या वेगाने चढायला लागला, तर आणखी एक वर्कर गेलाय असं समजून आधी डीमेसेज बघा. मॅलॉक-ट्रिम (मोकळी मेमरी कर्नलला परत करणारा कॉल) जीडीबीतून मारू नका, ज्या थ्रेडमध्ये तो कॉल घालाल तोच त्या क्षणी मॅलॉकचं लॉक धरून असला तर सगळं तिथेच अडकेल. ३१०२ आणि ३१०५ वेगळ्या स्क्रिप्टने चालवून घ्या, पण हा प्रोग्रॅम संपल्यावर. आत्ता नववा वर्कर नको.