प्रतिसाद: काइनेज आणि स्प्लायसिंग

भाऊ, तुम्ही वर लिहिलं की काइनेज (प्रोटीनवर फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम) फक्त सिग्नलिंगपुरतं, म्हणजे पेशीतले निरोप पोचवण्यापुरतं असतं, स्प्लायसिंगशी (कच्च्या आरएनएतले नको ते तुकडे कापून बाकीचे जोडणं) त्याचं काय काम, तर इथं थोडं थांबा. उंदराचं सीएलके१ जीन बघा. याचं प्रोटीन केंद्रकात बसून एसआर प्रोटीनांच्या (ही स्प्लायसिंगला मदत करणारी प्रोटीनं) सेरिन-आर्जिनिनच्या माळेवर फॉस्फेट चिकटवते, मग ते आपल्या साठ्यातून सुटून आरएनएकडे कामाला जातात. सायटोप्लाझममध्ये, म्हणजे केंद्रकाबाहेर, हेच काम आधी एसआरपीके१ नावाचं दुसरं काइनेज करून ठेवते. नागपुरात एमेस्सीच्या पोट्ट्यांना शिकवताना मी नेहमी तो फोटो दाखवतो, साध्या पेशीत केंद्रकात एसआर प्रोटीनांच्या साठ्याचे ठिपके ठिपके दिसतात अन् सीएलके१ जास्त झालं की ते पूर्ण विरघळून सगळीकडे पसरतात, एवढं बघितलं की पोरांना लगेच कळतं.

मला सगळ्यात भारी वाटते ते पुढचं, हे जीन स्वतःचंच स्प्लायसिंग सांभाळते. एक्सॉन ४ (एक्सॉन म्हणजे जोडून ठेवायचा तुकडा) गाळला गेला की काइनेजचा भागच नसलेलं तोकडं प्रोटीन बनते, अन् काइनेज जास्त झालं की हा तोकडा प्रकार वाढतो, म्हणजे लगाम घरातच आहे नं. शिवाय उंदराच्या पेशीत याचा अर्धवट, इंट्रॉनसकटचा (इंट्रॉन म्हणजे कापून टाकायचा तुकडा) आरएनए केंद्रकात साठून राहतो, पेशी तापली की पटकन स्प्लाइस होऊन तयार.