मदत हवी आहे: लग्नानंतर बदललेलं नाव आणि जीएमसी नोंदणी

नमस्कार. इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या किंवा त्या वाटेवर असलेल्या डॉक्टरांना विचारायचं आहे. मला जीएमसीकडे, म्हणजे ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी करायची आहे.

त्यासाठी बाहेरच्या देशांतल्या डॉक्टरांना द्यावी लागणारी प्लॅब परीक्षा दोन भागांत असते. प्लॅब १ मी मुंबईत दिली आणि पास झाले. १८० प्रश्न, तीन तास. आता मँचेस्टरला जाऊन प्लॅब २ द्यायची आहे, आणि ती दोन वर्षांच्या आत द्यावी लागते. ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेत चारही विभागांत बी ग्रेड आहे, त्यामुळे इंग्रजीची चिंता नाही.

अडचण नावाची आहे. एमबीबीएसच्या पदवीवर आधी माहेरचं आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या दाखल्यावर अजून माहेरचंच नाव आहे. पदवी आणि पासपोर्ट शेजारी ठेवले तर 'स्मिता' एवढा एकच शब्द जुळतो! एपिक या ऑनलाइन सेवेत पदवीची पडताळणी करायची म्हणून खातं उघडायला बसले आणि नावाच्या रकान्यापाशीच अडले.

विवाह नोंदणीचा दाखला चालतो का, की राजपत्रात नावबदल छापावाच लागतो? कौन्सिलकडे नाव आधी बदलून घेऊ का? गुड स्टँडिंगचं (डॉक्टर म्हणून माझ्यावर काही कारवाई नाही, असं सांगणारं) प्रमाणपत्र तीन महिनेच चालतं, म्हणून ते शेवटी काढायचं ठरवलंय. पण त्यावर नाव कोणतं हवं?

आपल्याकडच्या कितीतरी मुलींचं असंच होत असणार. ज्यांनी स्वतः यातून वाट काढली आहे, त्यांनी कागद कोणत्या क्रमाने केले ते कृपया सांगा. हेल्थ अँड केअर व्हिसाच्या वेळी हाच प्रश्न पुन्हा आला का, तेही कळवा.